रविवारचं वेळापत्रक आणि राहिलेलं इंटिग्रेशन

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. संध्याकाळी सहाला अभ्यासाला बसायचं ठरवतो, पण साडेनऊ वाजले तरी काही झालेलं नसतं. दर रविवारी नवं वेळापत्रक करतो, बुधवारपर्यंत ते बारगळतं. गणितातला इंटिग्रेशनचा धडा अख्खा राहिलाय आणि सीईटी द्यायचीय. मी आळशी आहे का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आळशी मुलगा दर रविवारी पट्टी घेऊन चौकटी आखत बसत नाही. तुझी खरी टाळाटाळ त्या वेळापत्रकातच आहे. ते केलं की अभ्यास केल्यासारखं वाटतं आणि अवघड धडा आठवडाभर पुढे जातो. या रविवारी वेळापत्रक करूच नकोस.

चौकटीत तू लिहितोस ‘मॅथ्स ६ ते ८’. पण सहाला नेमकं करायचं काय? ते ठरवता ठरवता मोबाइल हातात येतो. त्याऐवजी आदल्या रात्री चिठ्ठीवर लिही : ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्सची सोडवलेली दोन उदाहरणं, उत्तर झाकून.’ पुस्तक त्याच पानावर उघडं ठेव आणि पहिलं गणित वहीत उतरवूनच झोप. बैठक २५ मिनिटांची, मध्ये ५ मिनिटं पाय मोकळे करायला. गजर साध्या घड्याळाचा लाव, मोबाइल घरच्यांकडे दे. शेवटच्या बैठकीत गणित अर्धवट सोडून ऊठ. विचित्र वाटेल, पण उद्या पुढची पायरी समोरच असते, त्यामुळे बसणं सोपं जातं.

इंटिग्रेशन टाळलं जातं त्याचं कारण बहुतेकदा मागे असतं. साइन स्क्वेअर एक्सचं इंटिग्रेशन समोर आलं आणि कॉस टू एक्सचं सूत्र आठवलं नाही, की मुलगा तिथेच पुस्तक मिटतो. म्हणून पहिले तीन दिवस गणितं नकोतच. त्रिकोणमिती आणि डेरिव्हेटिव्हची रोज १० सूत्रं न बघता लिही, चुकलेली तेवढीच दुसऱ्या दिवशी पुन्हा.

क्लासमध्ये आज झालेलं आधी, बॅकलॉगला रोज एकच बैठक. उलटं केलंस तर मागचं भरताना पुढचं साचत जाईल. एखादा दिवस बुडाला तर बुडू दे. त्याचा भार दुसऱ्या दिवसावर टाकलास की तोही दिवस जातो. तुझे बुधवार असेच जात असणार.

आणि गणित मागे टाकणं महागात पडतं. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण गणिताचे, ५० प्रश्न, ९० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा अर्धवट येणाऱ्या धड्यातूनही गुण मिळतात. धडा पूर्ण पक्का झाल्याशिवाय सराव प्रश्नांना हात लावायचा नाही, हा हट्ट सोड.

एक वेगळी गोष्ट. दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर हा प्रश्न अभ्यासाचा नाही. घरी सांग, डॉक्टरांना भेट. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.