दिवसांत मोज

प्रिय मित्रा,

अडचणीत तुमची दुचाकीच्या सुट्या भागांची कंपनी कितपत टिकेल, यावर संचालक मंडळासाठी केलेला तुझा तक्ता वाचला. शेवटी 'टिकाव धरण्याची क्षमता: १० पैकी ७' असं लिहिलं आहेस. तो आकडा वाचून संचालकांनी नेमकं करायचं काय? गुण देऊ नकोस, दिवसांत मोज.

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन सेकीच्या कारखान्याला आग लागली. मागच्या ब्रेकचा दाब सांभाळणारा एक छोटा, स्वस्त व्हॉल्व्ह तिथे बनायचा. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांचा हा व्हॉल्व्ह तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे साठा असायचा जेमतेम काही तासांचा. चार-पाच दिवसांत जपानमधलं टोयोटाचं बहुतेक उत्पादन थांबलं. मग साठाहून अधिक कंपन्यांनी ड्रॉइंग घेऊन आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह करायला घेतला. त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदरही होती! म्हणून तर टोयोटा इतक्या लवकर सावरली.

पुरवठा तुटला तर आपण किती दिवस तग धरू आणि तो भाग पुन्हा मिळायला किती दिवस लागतील, हे दोन आकडे मला तुझ्याकडून हवेत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्डबरोबर याच पद्धतीने काम केलं. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा निघाला की तिथे धोका आहे. सर्वांत मोठी बिलं ज्यांची, धोकाही त्यांच्याकडेच, असं त्यांना दिसलं नाही. किरकोळ किमतीचे भाग पुरवणारेही गाडी अडवू शकत होते. तू मात्र पुरवठादार खरेदीच्या रकमेनुसार लावलेस आणि फक्त वरचे तपासलेस. रबरी सील, ओ-रिंग खालीच राहिले. यादी नव्याने लाव. आणि 'दोन पुरवठादार आहेत' एवढ्यावर समाधान मानू नकोस. दोघे कच्चा माल एकाच ठिकाणाहून घेत असतील तर तो एकच धर.

पाण्याचंही असंच मोज. प्रत्येक नगामागे किती लिटर, हा आकडा सेबीच्या शाश्वतता अहवालात चालेल आणि वापर घटतोय का तेही त्यातून कळेल. पण तुमचा कारखाना मराठवाड्यात, औरंगाबादजवळच्या वाळूजला आहे. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या उद्योगांच्या पाण्यात कपात करायला लावली होती, मद्य कारखान्यांची सर्वांत जास्त. तेव्हा विचारायचं ते हे: एमआयडीसीचं पाणी निम्म्यावर आलं तर प्लेटिंग (धातूचा मुलामा) आणि पेंट शॉप किती दिवस चालेल? टँकरचं पाणी हिशोबात धरू नकोस. सगळी वसाहत एकाच वेळी टँकर शोधत असेल.

पुढच्या काही वर्षांचा धोका मोजायचा तर विक्रीची फोड कर. विजेच्या दुचाकीला पिस्टन, एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर लागत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, सीट लागतात. तुमच्या विक्रीतला किती हिस्सा पहिल्या गटातला, आणि नवा भाग ग्राहकाकडून मंजूर होऊन उत्पादनाच्या लाइनवर यायला किती महिने लागतात? हे दोन आकडे शेजारी ठेवलेस की मंडळाला धोरण ठरवायला काहीतरी हाती लागेल. मला तुझ्या सगळ्या तक्त्यात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच नाही.

साठा वाढवला की खेळतं भांडवल अडकतं, व्याज चढतं. वित्त विभाग ते म्हणणारच आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून प्रत्येक जादा दिवसाची किंमत रुपयांत मांड, शेजारी लाइन एक दिवस बंद राहिल्याचं नुकसान लिही. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. २०२१ च्या सुरुवातीला इतर कंपन्या अडल्या तेव्हा तो कामी आला. पण त्याच सप्टेंबरमध्ये आग्नेय आशियातल्या कोविडमुळे टोयोटालाही उत्पादन मोठ्या प्रमाणात कापावं लागलं. तेव्हा हे आकडे दर तिमाहीला नव्याने काढ.

बैठकीआधी दहाच भाग घे. संगणकावरच्या साठ्यावर विसंबू नकोस, स्टोअरमध्ये जाऊन स्वतः मोज. कोणता भाग कोणाकडे अडतो हे खरेदीतल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. त्यांच्याजवळ बस, चहा घे, विचार. यादी झाली की मला पाठव.

तुझा,
सर