वाचा-उपचारासाठी ७२,००० रुपये एकरकमी भरावेत का?

आदरणीय भगिनी,

सप्रेम नमस्कार. गोव्यातील डिचोलीहून आपण पाठवलेले पत्र मी दोनदा वाचले आणि शेवटच्या पानावरचा महिन्याचा हिशेब तिसऱ्यांदा. आपला प्रश्न इतर वाचकांनाही कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. आपला मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. सांगितलेले त्याला बरेचसे कळते, पण बोलतो ते दहा-बारा शब्दच; कदंबाची बस दिसली की "बा" म्हणतो आणि पाणी हवे असले की आपला हात धरून माठापाशी नेतो. म्हापशाच्या एका केंद्राने वाचा-उपचाराची (स्पीच थेरपीची) आठवड्याला दोन सत्रे सुचवली आहेत. एका सत्राचे ९०० रुपये, किंवा वर्षभराच्या ९६ सत्रांचे एकरकमी ७२,००० रुपये. त्यासाठी ३,२०,००० रुपयांची मुदत ठेव मोडावी, माहेरच्या पाटल्यांवर कर्ज काढावे, की "त्याचा बापूसही उशिराच बोलायला लागला" या सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे शाळेत जाईपर्यंत थांबावे, असे आपण विचारले आहे. पतसंस्थेतील नोकरी सोडण्याचा विचार आपण एकाच ओळीत लिहून पुढे गेला आहात. माझ्या दृष्टीने या पत्रातील सर्वांत मोठी रक्कम त्या एका ओळीत आहे, म्हणून तिच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे.

माझे मत आधीच सांगतो. उपचार आत्ताच सुरू करावेत, पॅकेज घेऊ नये, ठेव आणि पाटल्या दोन्हींना हात लावू नये आणि नोकरी सोडू नये.

थांबण्याविषयी प्रथम. साधारणपणे दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडू लागते आणि तीन वर्षांचे मूल छोटी वाक्ये बोलते. उशिरा बोलणारी काही मुले आपणहून इतरांच्या बरोबरीला येतात हे खरे आहे आणि सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. परंतु आपले मूल त्यांपैकी आहे की नाही हे घरी बसून ठरवता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञाने मुलाला पाहावे लागते, आणि त्या पाहणीचा खर्च वर्षभराच्या उपचाराच्या मानाने अगदी थोडा असतो. तेवढा खर्च टाळण्यासाठी दोन वर्षे थांबणे मला योग्य वाटत नाही.

पहिला रुपया कानांच्या तपासणीवर खर्च व्हावा. आपल्या पत्रात केंद्राने श्रवणचाचणीचा कागद मागितल्याचा उल्लेख नाही, आणि ही गोष्ट मला खटकली. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून त्याला कमी ऐकू येऊ शकते, आणि तरीही ते हाकेला वळते, त्यामुळे घरात कोणाला शंका येत नाही. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही त्याला बोलणे शिकवण्यात पैसा आणि महिने दोन्ही वाया जातात. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कान-नाक-घसा विभागात या तपासणीची चौकशी करावी. मूल लहान असल्यास ओएई किंवा बेरा अशी चाचणी सांगतात, जिच्यात मुलाला काही उत्तर द्यावे लागत नाही. याच सुमारास म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातही जाऊन यावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीतील विलंबाचा समावेश आहे, आणि त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या रचनेत श्रवण व वाचातज्ज्ञाचे पद धरलेले असते. ही सेवा विनामूल्य असते. तेथे आठवड्यातून दोनदा वेळ मिळेलच असे नाही, पण मूल्यमापन आणि महिन्या-दीड महिन्याने होणारी फेरतपासणी तेथे झाली, तर खाजगी केंद्राच्या सल्ल्यावर दुसरे मतही आपोआप मिळते.

आता पॅकेज. ९६ सत्रांचे सुटे पैसे भरल्यास ८६,४०० रुपये होतात, म्हणजे पॅकेजमध्ये १४,४०० रुपये वाचतात असे केंद्र सांगते. हा हिशेब उलट्या बाजूने करून पाहावा. ७२,००० रुपयांत ९०० रुपयांची ८० सत्रे होतात. म्हणजे वर्षभरात १६ सत्रे बुडाली की बचत संपली, आणि सतरावे सत्र बुडाले की तोटा सुरू झाला. जून-जुलैचा पाऊस, मुलाचा ताप-खोकला, चवथीचे आठ दिवस, घरातील एखादे लग्न आणि स्वतः थेरपिस्टच्या रजा मोजल्या तर १६ हा आकडा मुळीच मोठा नाही. आपण पाठवलेल्या माहितीपत्रकात न घेतलेली सत्रे बारा महिन्यांनी रद्द होतात आणि रक्कम परत मिळत नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. शिवाय मूल चांगली प्रगती करू लागले तर सहा महिन्यांनी आठवड्याला एकच सत्र पुरे असे सांगितले जाऊ शकते. म्हणजे आपल्याला हवे असलेले फळ लवकर मिळाले, तर हे पॅकेज अधिकच महाग पडते.

हे मी पुस्तकी ज्ञानातून लिहीत नाही. माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर वाचाघात झाला तेव्हा मी स्वतः असेच एक वर्षाचे पॅकेज घेतले होते. वडिलांना चहा हवा असला की ते शेगडीकडे बोट दाखवून "ते… ते…" म्हणत आणि शब्द सापडला नाही की डोळे मिटून घेत. ज्या बाईंकडे ते जात, त्यांनी पाचव्या आठवड्यात त्यांच्याकडून "चा" एवढे वदवून घेतले; त्या दिवशी आईने त्यांना सलग दोन कप चहा दिला. तिसऱ्या महिन्यात त्या बाई केंद्र सोडून गेल्या. नंतर आलेल्या दोघांशी वडिलांचे जमले नाही आणि उरलेल्या सत्रांचे पैसे मला परत मिळाले नाहीत. वाचा-उपचारात आपण पैसे देतो ते त्या एका व्यक्तीच्या कौशल्यासाठी आणि तिचे रुग्णाशी जे सूत जुळते त्यासाठी. पॅकेजची पावती मात्र केंद्राच्या नावाची असते.

म्हणून सत्राला बसणाऱ्या व्यक्तीची माहिती आपण नम्रपणे पण थेट विचारावी. १९९२ च्या कायद्यानुसार वाचा-उपचारतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, आणि या क्षेत्रातील पदवी बीएएसएलपी ही आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणाचा अपमान नाही. दुसरा प्रश्न भाषेचा विचारावा. आपल्या घरी मराठी, शेजारी कोकणी आणि बालवाडीत इंग्रजी असल्यामुळे मुलगा गोंधळला आहे, सर्वांनी इंग्रजीच बोलावे, असा सल्ला एका नातेवाइकाने दिल्याचे आपण लिहिता. एकाहून अधिक भाषा कानांवर पडल्याने वाचाविलंब होत नाही, हे या विषयातील जाणकार वारंवार सांगतात. आपण जी भाषा सहज बोलता तीच मुलाशी बोलावी. माझ्या दृष्टीने हा पैशाचाही मुद्दा आहे, कारण सत्र इंग्रजीत आणि घर मराठीत असेल तर तेथे शिकलेला शब्द घरी वापरला जाणार नाही. मराठी किंवा कोकणीतून काम करणारी व्यक्ती १०० रुपये जास्त मागत असेल तरी ती मला स्वस्त वाटेल.

आता नोकरीविषयी. आपल्या यजमानांचे ४१,००० आणि आपले १६,५०० मिळून घरात ५७,५०० रुपये येतात. गृहकर्जाचा हप्ता १४,२००, घरखर्च २४,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक) ४,०००, पोस्टातील आरडी (आवर्ती ठेव) ३,००० आणि विम्याचे २,६०० असे ४७,८०० रुपये जातात. हाती ९,७०० उरतात. आपण नोकरी सोडली तर दरमहा ६,८०० रुपयांची तूट येते, आणि ती उपचाराचा एकही रुपया धरण्याआधीची. त्यात सत्रांचे व प्रवासाचे साधारण ८,१६० रुपये मिळवले की महिन्याला सुमारे १५,००० रुपये ठेवीतून काढावे लागतील, आणि पावणेदोन वर्षांत ती ठेव संपेल. उलट नोकरी ठेवून प्रत्येक सत्रासाठी अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला असे धरले, तरी आठ सत्रांमागे महिन्याला २,५४० रुपयांच्या आसपासच जातात. १६,५०० आणि २,५४० यांतील हा फरक आपण यजमानांसमोर कागदावर मांडावा.

आपण नोकरी सोडण्याचा विचार पैशासाठी करत नाही, हे मला कळते. मूल बोलत नाही याचा दोष आई आपल्याकडे घेते, आणि आजूबाजूचे लोकही तो तिच्याकडेच सरकवतात. परंतु एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आठवड्याच्या दोन सत्रांपेक्षा घरातील रोजचे बोलणे मोठे असते, आणि त्यासाठी संपूर्ण दिवस मोकळा असण्याची गरज नाही. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, बसची वाट पाहताना रोज अर्धा-पाऊण तास नीट लक्ष देऊन बोलणे हेच ते काम आहे, आणि ते यजमानांना व सासूबाईंनाही शिकता येते. "बा" म्हटल्यावर "हो, बस आली, मोठी बस" असे म्हणायला कोणाची नोकरी सुटावी लागत नाही. यासाठीच, सत्राच्या वेळी पालकांना आत बसू देतात का, हे अवश्य विचारावे. दार लावून घेऊन पाऊण तासाने मूल परत देणारे केंद्र मी निवडणार नाही. पतसंस्थेत पगारी रजा किंवा संध्याकाळच्या वेळेबाबतही आपण विचारून पाहावे. आपल्या पत्रावरून अजून कोणी विचारलेलेच नाही असे दिसते.

पैशाची सोय मी अशी करेन. पहिल्या बारा आठवड्यांत २४ सत्रे, प्रत्येक वेळी सुटे पैसे देऊन: २१,६०० रुपये, आणि खेपेला १२० प्रमाणे प्रवासाचे २,८८०. पगारकपातही धरली तर महिन्याला १०,७०० रुपये लागतात. एसआयपी तीन महिने थांबवावी. बँकेला आणि फंडाला आधी कळवले असेल तर त्यास दंड नाही. आरडी थांबवू नये, कारण पोस्टात हप्ता चुकला की शंभर रुपयांमागे एक रुपया भरावा लागतो आणि लागोपाठ अनेक हप्ते चुकल्यास खाते बंद पडते. एसआयपीचे ४,००० आणि शिलकीतील ९,७०० मिळून १३,७०० होतात, म्हणजे सारे भागून ३,००० उरतात. ओढाताण होईल, पण कर्ज होणार नाही. मुदत ठेव हा आपल्या घराचा जवळजवळ आठ महिन्यांचा आधार आहे. ती मोडल्यास बँक जेवढा काळ ठेव राहिली त्या काळाचाच व्याजदर लावते आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. अगदीच निकड आली तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल, मिळतो आणि तो पाटल्या गहाण ठेवण्यापेक्षा बरा.

बारा आठवड्यांनी थेरपिस्टकडून लेखी अहवाल घ्यावा: सुरुवातीला किती शब्द होते, आता किती आहेत, पुढील तीन महिन्यांचे उद्दिष्ट काय. त्या कागदावरूनच पुढचे पैसे ठरावेत.

विमा व योजनांविषयी फार आशा ठेवू नये. कंपनीचा मेडिक्लेम किंवा राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाक् व भाषा दिव्यांगता ही स्वरयंत्र काढणे किंवा वाचाघात यांसारख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांमुळे आलेल्या कायमच्या अडचणीपुरती सांगितली आहे, त्यामुळे नुसत्या वाचाविलंबावर सहसा प्रमाणपत्र मिळत नाही. पुढे तज्ज्ञांनी स्वमग्नतेसारखे निदान केले, तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही समावेश होतो. तेव्हा आपण नव्याने हिशेब करू. आयकरातील वजावटींची चिंता करू नये, कारण आपल्या उत्पन्नावर सध्या करच लागत नाही.

सासऱ्यांविषयी आपण लिहिले आहे की मार्चमधील पक्षाघातानंतर त्यांचे बोलणे अडखळते, त्यांनाही वाचा-उपचार सांगितले आहेत, पण "आधी नातवाचे बघा" म्हणून त्यांनी नकार दिला. त्यांना माझा निरोप द्यावा की या दोन खर्चांत स्पर्धा नाही. त्यांचे २८,००० रुपयांचे निवृत्तिवेतन येते आणि औषधे वजा जाता त्यातील काही भाग पोस्टात पडून राहतो, असे आपणच लिहिले आहे. तो त्यांच्यासाठीच आहे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सहसा अधिक वेगाने होते, म्हणून त्यांची वेळ नातवाच्याही आधी ठरवावी. गोमेकॉत कानांच्या तपासणीसाठी जाल, त्याच दिवशी त्यांनाही सोबत न्यावे आणि तेथे वाचा-उपचाराची चौकशी करावी. जाताना मुलाच्या घरातील बोलण्याचा दोन-तीन मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्यावा. अनोळखी खोलीत मुले गप्प बसतात. चाचणीचा कागद हाती आला की मला कळवावे, कारण त्यावरून वरील तीन महिन्यांचे आकडे बदलू शकतात.

आपला विश्वासू,
आर्थिक सल्लागार, फोंडा