पहिल्या भेटीला हॉटेल कोणतं?

‘मॅडम, पहिल्यांदाच भेटतोय. कुठे बोलवू तिला?’ मुंबईत नोकरीसाठी आलेली मुलं हा प्रश्न मला नेहमी विचारतात, तोही बहुधा समुपदेशनाचं सत्र संपता संपता, दाराशी उभं राहून. प्रश्न किरकोळ वाटेल या भीतीने तो शेवटी राहतो. मला तो किरकोळ वाटत नाही. एवढ्या मोठ्या शहरात, जिथे आपली म्हणावी अशी एकही जागा नाही, तिथे एका अनोळखी माणसाला ‘ये’ म्हणायचं, हे सोपं काम नाही.

अशाच एका तरुणाची ही गोष्ट, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीत. विवाहसंस्थेच्या साइटवर ओळख झालेली मुलगी बोरिवलीची. फोनवर बोलणं छान चाललेलं आणि आता भेटायचं ठरलेलं. त्याने मोबाइल पुढे केला. त्यात हॉटेलांची यादी होती, प्रत्येकापुढे दोघांचा अंदाजे खर्च, तारांकन, फोटो. वरच्या क्रमांकावर लोअर परळचं एक गच्चीवरचं कबाबचं हॉटेल होतं, वेळ रात्री साडेआठ.

मी विचारलं, ‘ती काय खाते?’ माहीत नव्हतं. ‘घरी किती वाजेपर्यंत पोचावं लागतं?’ तेही माहीत नव्हतं. ‘तू स्वतः त्या हॉटेलात गेलायस कधी?’ तो गप्प झाला. मग हळूहळू खरं बाहेर आलं. आधी एका मुलीला तो एका महागड्या ठिकाणी भेटला होता. वेटरने ‘पाणी रेग्युलर की मिनरल?’ विचारलं तेव्हा काय म्हणावं कळेना, मेनूकार्डातले निम्मे पदार्थ ओळखीचे नव्हते, गाण्यांच्या आवाजात तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. नंतर तिचा निरोप आला नाही. ‘मी गावंढळ वाटलो असणार,’ असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून यावेळी त्याहून भारी हॉटेल शोधणं चालू होतं.

इथे मी थांबले. जिथे तो घाबरून बसणार, त्याच तऱ्हेच्या जागेसाठी तो जास्त पैसे मोजायला निघाला होता. घाबरलेला माणूस समोरच्याला प्रश्न विचारत नाही. स्वतःवरच नजर ठेवून बसतो. आपलं कसं दिसतंय, काटा कोणत्या हातात धरायचा, बिल किती होईल. समोर बसलेल्या मुलीच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या भेटीची जागा अशी हवी, की जागेकडे लक्ष देण्याची गरजच पडू नये.

मग आम्ही यादी बाजूला ठेवली आणि रेल्वेचा नकाशा घेतला. मुंबईत भेटायला जाणं म्हणजे आधी गाडी, मग हॉटेल. ती पश्चिम रेल्वेवर, हा मध्य रेल्वेवर. दादर दोघांना जोडतं, पण शनिवारी संध्याकाळी दादरला निवांत टेबल मिळणं कठीण. त्याने माटुंग्याचा विचार केला होता, कारण इडली-डोसा दोघांनाही नक्की चालला असता. माटुंग्याचं रामाश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं, दोन्ही मलाही प्रिय आहेत. पण सुटीच्या दिवशी तिथे बाहेर रांग असते, अनोळखी लोकांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं, आणि खाऊन झालं की मागे उभ्या असलेल्यांसाठी उठावंसं वाटतं. उत्तम जेवण आणि उत्तम बोलणं एकाच जागी मिळेलच असं नाही. पहिल्या भेटीत बोलण्याला झुकतं माप द्यावं.

शेवटी त्यालाच सुचलं: चर्चगेट. ती जिथे उतरेल तिथूनच तिची परतीची गाडी सुटते. त्याला १५-२० मिनिटं चाललं की सीएसएमटीला मध्य रेल्वेची गाडी. बोलणं रंगलं तर मरीन ड्राइव्ह शेजारी आहे. नाही रंगलं तर चहा संपवून दोघंही अवघडल्याशिवाय निघू शकतात. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, विशेषतः मुलींच्या बाजूने. रात्रीच्या जेवणात सूप, मग मुख्य जेवण, मग गोड, असा दीड-दोन तासांचा करार असतो. मधे उठणं अपमानास्पद वाटतं, म्हणून नको वाटत असतानाही मुली बसून राहतात, आणि मग उशिराची गाडी. चहा-खाण्याची भेट अर्ध्या तासातही पूर्ण होते.

निरोप त्याने माझ्यासमोरच लिहिला: ‘शनिवारी साडेचारला चर्चगेटला चहा घ्यायला भेटूया का? दुसरीकडे सोयीचं असेल तर सांग. खाण्यात काही चालत नाही का? किती वाजता निघायला लागेल?’ आधी त्याला हे विचारणं कमीपणाचं वाटत होतं. पुरुषाने सगळं ठरवून ठेवायचं, ही त्याची समजूत. तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं. चर्चगेट चालेल, शनिवारी ती मांसाहार करत नाही, आणि सातच्या आत निघायला हवं. रात्री साडेआठच्या कबाबांची जागा यादीत पहिली होती, हे मी त्याला आठवून दिलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

आदल्या आठवड्यात त्याच वेळेला तो एकटा जाऊन आला. हा गृहपाठ मी आवर्जून देते. आवाज किती, कोपऱ्यातलं टेबल मिळतं का, मेनूत काय आहे, हे कळलं की अर्धी धडधड कमी होते. त्याला एक साधं उडुपी हॉटेल सापडलं, वातानुकूलित भाग शांत. कुठेही पाण्याचं विचारलं तर ‘साधं द्या’ म्हणायचं, हेही ठरलं.

बिलाचा प्रश्न उरला होता. ज्याने बोलावलं त्याने देण्याची तयारी ठेवावी. तिने ‘अर्धं मी देते’ म्हटलं तर एकदा विचारून घ्यावं, ओढाताण करू नये. त्याला हॉटेलं बिलात जोडतात त्या सर्व्हिस चार्जचीही धास्ती होती: काढायला सांगितलं तर कंजूष दिसेन का? तो ऐच्छिकच असतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५मध्ये ते उचलून धरलं. पण पहिल्या भेटीत बिलावरून मनात हिशेब चालू होणार असेल, तर मुळात खिशाला सहज झेपेल अशीच जागा घ्यावी. त्यांचं बिल तिने अर्धं दिलं, आणि नंतर चर्चगेटच्याच के. रुस्तम या दुकानातलं बिस्किटांमधलं आइस्क्रीम त्याने.

ते आणखी दोनदा भेटले. मग दोघांनी ठरवून थांबवलं: तिला नोकरीसाठी पुण्याला जायचं होतं, त्याला आई-वडिलांना कळव्याला आणायचं होतं. हे सांगताना तो खिन्न होता, त्यावर आम्ही पुढची दोन सत्रं बोललो. पण हॉटेल चुकलं का, हे त्याने विचारलं नाही. का जमलं नाही ते त्याला ठाऊक होतं, तिनेच त्याला नीट सांगितलं होतं.