तो बाहेर पडला आणि मी केर काढला

समुपदेशनाला आलेल्या या बाईंचं लक्ष खोलीत आल्यापासून माझ्याकडे नव्हतंच. सफाईच्या मावशींनी दाराआड झाडू उभा टेकवून ठेवला होता, नजर तिकडे. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तेवढा आडवा करता का?" केला. मग बोलणं सुरू झालं.

पस्तिशीच्या, नोकरी करणाऱ्या बाई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वर्षापूर्वी नवरा सकाळी गाडीवरून कामाला निघाला आणि यांनी पाठोपाठ केर काढला. तासाभरात फोन आला, गाडी घसरली, पाय मोडला. दवाखान्यात सासूबाई एवढंच बोलल्या, "माणूस उंबऱ्याबाहेर पडला की लगेच झाडू नये गं." हाड कधीच जुळलं, ते वाक्य मात्र रुतून बसलं. आता तो पोचल्याचं फोनवर कळेपर्यंत त्या केरसुणीला हात लावत नाहीत. मुलगी शाळेत गेली की तेच. ऑफिसला रोज उशीर.

"माझ्यामुळेच झालं का हो?"

हा प्रश्न मला फार जण विचारतात. कुणी निघणाऱ्याला 'कुठे चाललास' विचारलेलं असतं, कुणाच्या घरी पाल चुकचुकलेली असते. "सगळं थोतांड आहे" असं मी म्हणत नाही. ते त्यांनी स्वतःला शंभरदा सांगून झालेलं असतं.

मी विचारलं, लगेच का झाडू नये म्हणतात? त्यांना माहीत नव्हतं. घरातून प्रेत हललं की मागे घर झाडून काढायची रीत आहे. जित्या माणसामागे झाडलं तर ते तसं दिसतं, म्हणून नको. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे नुसतं तसं दिसतं?"

हो. दिसतं, घडवत नाही.

माझी आजी तिन्हीसांजेला केर काढू द्यायची नाही. चिमणीच्या उजेडात नथीचा मोती केरात जाईल, म्हणायची. आणि तीच लक्ष्मीपूजनाला शिंदीच्या नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून, मध्यरात्री सूप वाजवत घर झाडायची. अलक्ष्मीला बाहेर काढायला! हे ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या.

पण हसून भीती जात नाही. ताण टाळला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तो दुप्पट होऊन येतो. हे मंत्रचळाकडे (भीतीपोटी तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजाराकडे) झुकतंय का, ते बघायला त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. आमचं काम साधं होतं. नवरा गेल्यावर आधी 40 मिनिटांनी झाडायचं, मग 20, मग 5. फोन करायचा नाही. भीती दहापैकी किती, ते वहीत लिहायचं. 5 मिनिटांच्या पहिल्या दिवशी वहीत 9 होते, खाली लिहिलेलं, 'अर्धी खोली झाडून थांबले'. अर्ध्या तासाने 4, 'उरलेली झाडली'. केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायला माझी ना नव्हती. एकदा. त्या सात वेळा करत, तिथे मी अडवलं.

अडीच महिन्यांनी आल्या तेव्हा सांगत होत्या, परवा तो गेल्यावर केर काढला, डबा भरला आणि फोनचं डोक्यातच आलं नाही. दुपारी त्याचाच आला.

"आज काही विचारलं नाहीस. बरी आहेस ना?"