पहिल्या अंकाच्या मागे लागू नका, सलग एक वर्ष घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी विज्ञानकथा मासिकं जमवायची आहेत, तर 'अमेझिंग स्टोरीज'च्या १९२६ सालच्या पहिल्या अंकासाठी पैसे साठवावेत, की मिळतील तसे सुटे अंक घेत जावेत?

मी दोन्ही करून पाहिलं आहे. आज नव्याने सुरुवात करायची असती, तर एकच मासिक निवडून त्याचे एका वर्षाचे सलग अंक मिळवले असते.

एप्रिल १९२६चा तो अंक मोलाचा आहे, यात वाद नाही. ह्यूगो गर्न्सबॅकने काढलेलं, फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं हे पहिलं इंग्रजी मासिक. मोठा आकार, फ्रँक आर. पॉलचं भडक रंगातलं मुखपृष्ठ, किंमत २५ सेंट. पण आत पाहिलंत तर व्हर्न, वेल्स आणि पो यांच्या आधीच छापून आलेल्या कथा आहेत. म्हणजे तुम्ही सगळी पुंजी घालणार ती वाचायला नव्हे, जवळ असावा म्हणून. शिवाय या अंकाला मागणी इतकी, की धडधाकट प्रत परवडत नाही आणि परवडणारी प्रत हातात धरवत नाही.

सुटे अंक घेण्यात वेगळीच अडचण येते. या मासिकांत कादंबऱ्या दोन-तीन भागांत येत. तुमच्या हाती मधला भाग लागतो आणि शेवट कुठेतरी दुसऱ्याच्या कपाटात असतो. बरं, गोष्ट पुढे पुस्तकात मिळतेही. पुस्तकात मिळत नाही ते मासिकाचं बाकीचं अंग: संपादकीय, चित्रं, जाहिराती आणि वाचकांची पत्रं. माझ्या मते खरा खजिना पत्रांतच आहे.

'अस्टाउंडिंग'चंच घ्या. १९३०मध्ये सुरू झालेलं हे अमेरिकन विज्ञानकथा मासिक १९३७च्या अखेरीस नवा संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलच्या हाती आलं आणि त्याचं रूपच पालटलं. त्यात 'ब्रास टॅक्स' नावाचं पत्रांचं सदर असे आणि वाचकांच्या मतांवरून कथांचा क्रम लावणारं आणखी एक सदर. आज आपण ज्या कथेला अभिजात म्हणतो, तिला तेव्हाच्या वाचकांनी कितवा नंबर दिला हे त्याच अंकात कळत नाही, पुढच्या एखाद्या अंकात कळतं. त्यासाठी पुढचे अंक हाताशी लागतात.

सगळ्यात सुंदर उदाहरण नोव्हेंबर १९४८च्या अंकात आहे. एका वाचकाचं पत्र छापलंय आणि त्यात तो चक्क वर्षभर पुढच्या, म्हणजे नोव्हेंबर १९४९च्या अंकाचं परीक्षण करतो! कोणाची कोणती कथा किती आवडली, सगळं शीर्षकांसकट. कॅम्पबेलने ते पत्र छापलं, मग गाजावाजा न करता त्या लेखकांना गाठलं. वर्षभराने नोव्हेंबर १९४९चा अंक आला, त्यात हाइनलाइन, व्हॅन व्होग्ट, डेल रे, स्टर्जन, डी कॅम्प हे सगळे हजर, तेही पत्रात सांगितलेल्या शीर्षकांच्या कथा घेऊन. हे दोन अंक मी शेजारी शेजारी उघडून ठेवले, आधी पत्र वाचलं, मग अनुक्रमणिका. अंगावर काटा आला. एका वाचकाचा खेळ संपादकाने वर्षभर मनात जपून खरा केला होता. हे पुस्तकाच्या कुठल्याही आवृत्तीत सापडणार नाही.

म्हणून माझी शिफारस सरळ आहे: 'अस्टाउंडिंग', नोव्हेंबर १९४८ ते नोव्हेंबर १९४९, एकूण १३ अंक. नोव्हेंबर १९४३पासून हे मासिक छोट्या, डायजेस्ट आकारात निघू लागलं. त्यामुळे हे अंक आधीच्या मोठ्या पल्प (म्हणजे स्वस्त, खरखरीत कागदावर छापलेल्या) अंकांपेक्षा सहज मिळतात, स्वस्त पडतात आणि ठेवायलाही सोपे. कॅम्पबेल रुचत नसेल तर ऑक्टोबर १९५०मध्ये एच. एल. गोल्डने सुरू केलेलं 'गॅलक्सी' घ्या. त्यात यंत्रांपेक्षा माणसं आणि समाज जास्त दिसतो. त्याचं पहिलं वर्षही हौशी माणसाच्या आवाक्यातलं आहे.

घेताना काय पाहायचं? अंक पुरा आहे का, हे आधी. मी एकदा 'उत्तम स्थिती' असं वर्णन वाचून एक अंक मागवला. मुखपृष्ठ खरंच झळझळीत होतं, पण मधलं एक पान कोणीतरी कापून नेलं होतं, नेमकं कथेच्या शेवटाचं. तेव्हापासून मी विकणाऱ्याला पानं मोजायला सांगतो आणि अनुक्रमणिकेचा, कण्याचा आणि मलपृष्ठाचा फोटो मागतो. 'अस्टाउंडिंग'ची ब्रिटिश आवृत्तीही निघत असे. ती दिसायला मिळतीजुळती, पण बऱ्याचदा त्यात मूळ अंकातल्या काही कथा गाळलेल्या असत. कुठल्या अंकात काय होतं हे पडताळायला इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस ही विज्ञानकथांची ऑनलाइन सूची उघडून बसा.

वर्णनांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 'अमेझिंग'च्या ऑगस्ट १९२८च्या मुखपृष्ठावर हवेत तरंगणारा माणूस आहे. तो बक रॉजर्स, म्हणजे पुढे चित्रमालिकेतून गाजलेला अंतराळवीर नायक, म्हणून सर्रास विकला जातो. बक रॉजर्सची पहिली कथा त्याच अंकात आहे हे खरं, पण चित्र 'स्कायलार्क ऑफ स्पेस' या दुसऱ्या कथेचं आहे. आणि त्या पहिल्या कथेत त्याचं नाव अँथनी आहे. 'बक' तो झाला पुढच्या वर्षी चित्रमालिकेत.

आता कागद. पल्प मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, अगदी हलक्या प्रतीचा. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने तपकिरी होतं, कागदातलं आम्ल धागे खात जातं. मुखपृष्ठ गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदाचं असल्याने त्याचे रंग टिकतात आणि माणूस फसतो. तिसाच्या दशकातला अंक उघडला की मांडीवर पानांच्या कडांचा तपकिरी चुरा पडतो. असा अंक कधीही सपाट उघडू नका. दोन्ही बाजूंना उशी किंवा घडी केलेला टॉवेल लावून जेमतेम काटकोनात उघडा. पिनांना गंज चढला असेल तर पान तिथूनच सुटतं, म्हणून पान कोपऱ्यात चिमटीत धरून न ओढता खालून तळवा घालून उलटा.

चिकटपट्टी लावू नका. मी सुरुवातीला एका सुटलेल्या कण्याला लावली होती, चांगलं करायच्या इच्छेनेच. काही वर्षांनी पट्टी गळून पडली आणि डिंकाचा पिवळा डाग तेवढा मागे राहिला. तो अंक दिसला की आजही वाईट वाटतं. पॉलिएस्टरची पिशवी, मागे आम्लविरहित पुठ्ठा, कोरडी आणि गार जागा, उजेड नाही, एवढं पुरे. पीव्हीसीच्या पिशव्या मात्र टाळा. त्यातून बाहेर पडणारे पदार्थ कागद खराब करतात. कसर लागली आहे का, ते दर दोन-तीन महिन्यांनी बघा. नवा आलेला अंक थेट बाकीच्यांत ठेवू नका, काही आठवडे वेगळा ठेवा.

वाचायचं कसं, तर इंटरनेट अर्काइव्हवर पुष्कळ जुने अंक स्कॅन केलेले आहेत. लांबलचक कथा तिथे वाचा. हातातला अंक पत्रांसाठी, चित्रांसाठी, जाहिरातींसाठी उघडा.

अनुक्रमणिकेवर कधी पेन्सिलीच्या खुणा सापडतील: कथेसमोर बरोबरची खूण, कुठे आकडा, कुठे फुली. त्यामुळे बाजारात अंकाचा भाव उतरतो, पण मला असे अंक जास्त आवडतात. माझ्याकडच्या एका अंकात एका कथेसमोर १ आकडा आहे आणि पुढच्या एका अंकातल्या क्रमवारीत तीच कथा चौथी आली आहे. कोणीतरी ते बघून चिडलं असणार. त्या खुणा खोडू नका.