दिवसभर राबूनही काहीच झालं नाही असं वाटतं. वेळ आणखी कसा वाचवावा?

यादीतली पंधरा कामं उरकूनही रात्री रितं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. माझी चारेक वर्षं अशीच गेली. पंचवीस मिनिटांचा टायमर, पहाटेचा गजर, डोंबिवली लोकलमध्ये उभ्याउभ्या ऑफिसच्या मेलना उत्तरं. झालं काय, तर ही लगेच उत्तर देते म्हटल्यावर मेलच वाढल्या.

माणसाचं काम घड्याळ लावून मोजायची ही रीत कारखान्यातली आहे. अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये एक कामगार दिवसाला साडेबारा टन लोखंड वाहायचा, ते आपण ४७ टनांवर नेलं, असं अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या पुस्तकात लिहिलंय. पण लोखंड वाहायचं की नाही, हे त्या कामगाराला ठरवायचं नव्हतं. आपल्याला नेमकं तेच ठरवायचं असतं.

एका रविवारी मी वहीत हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. झोप ४९, ऑफिस ४५, प्रवास १५, स्वयंपाक-धुणं-बाजार २८. उरले ३१. त्यात सोसायटीचं सेक्रेटरीपद, एक ऑनलाइन कोर्स, भिशी, घरी आणलेलं ऑफिसचं काम, आणि जमलंच तर गाण्याचा रियाज. यातलं काहीच वाया घालवलेलं नव्हतं, आणि अडचण तिथेच होती. वाईट सवय सोडताना मन खात नाही. चांगलं काम सोडताना खातं, म्हणून ते सुटत नाही.

सेक्रेटरीपद सोडलं. वार्षिक सभेत सांगताना आवाज कापत होता, आणि दोन शेजारणी बरेच दिवस नीट बोलल्या नाहीत. कोर्स अर्धवट टाकला, पैसे गेले. घरून मेल बघणं थांबवायला साहेबांशी तीनदा बोलावं लागलं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसातला पेटी उघडते, भांडी तशीच राहतात. दीड वर्ष यमनच चाललाय. त्यावर 'झालं' अशी खूण कधी करता येणार नाही, आणि तरी त्या रात्री मला रितं वाटत नाही.

तुम्हीही आधी तास मांडा. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर ३१ तास उरणारच नाहीत. तो तुमच्या नियोजनाचा दोष नव्हे, तिथे घरातली कामं वाटून घ्यायचं बोलणं आधी करा. उरत असतील, तर सोडायचं एक चांगलं काम निवडा आणि ज्यांना सांगायचं त्यांना याच आठवड्यात सांगून टाका.