मला आणि माझ्या धाकट्या भावाला स्वतःचा बोर्ड गेम बनवायचा आहे. सुरुवात कशी करावी? कल्पना कोणी चोरली तर?

भाऊ बोर्डावरची चित्रं रंगवतोय आणि खेळ अजून एकदाही खेळून पाहिलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग चित्रं तूर्त बाजूला ठेवायला सांगा. रंगवलेल्या घरावर जीव जडतो आणि पुढे ते खेळात नको झालं तरी काढवत नाही.

मी आणि माझी बहीण निफाड तालुक्यातले, त्यामुळे आमचा खेळ कांद्याचा आहे. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरला की घरात एकच चर्चा असते: आता विकायला काढायचा की थांबायचं? थांबलं तर भाव चढू शकतो, पण तोवर वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. हाच पेच आम्ही खेळाच्या मधोमध ठेवला. तुमच्या खेळात खेळणाऱ्याला प्रत्येक पाळीला कुठला निर्णय छळणार आहे, ते आधी एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमत नाही तोवर बोर्ड कितीही देखणा असला तरी खेळ उभा राहत नाही.

आमचा पहिला नमुना लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आणि चिंचोक्यांवर तयार झाला; चिंचोके म्हणजे आमचा कांदा. भाव ठरवायला सुरुवातीला दोन फासे होते. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 7 ही बेरीज सहा प्रकारे येते, 2 आणि 12 मात्र एकेकाच प्रकारे. त्यामुळे भाव मधल्यामध्ये घुटमळायचा. शिवाय शेजारच्याने किती माल काढला याच्याशी त्याचा काही संबंधच नसायचा, आणि बाजारात तर सगळं त्यावरच असतं. बहिणीने फासे काढूनच टाकले. आता प्रत्येकाने विकायचे तेवढे चिंचोके मुठीत धरायचे आणि सगळ्यांनी एकदम मूठ उघडायची. चौघांचे मिळून पाचपर्यंत निघाले तर चिंचोक्याला 20 रुपये, दहापर्यंत 12, त्यापुढे गेले की 5. आवक वाढली, भाव पडला. उरलेल्या ढिगासाठी हवामानाच्या पत्त्यांतलं एक पान उलटायचं. पाऊस निघाला तर दर तीन चिंचोक्यांमागे एक बाद. मूठ उघडायच्या आधी आमची आत्या एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघायला लागली, तेव्हा खेळ जमतोय हे आम्हाला कळलं.

भावंडांच्या खेळात एक खास अडचण असते, तिच्याकडे नीट लक्ष द्या. तुम्हाला एकमेकांचं अर्ध्या शब्दात कळतं, म्हणून निम्मे नियम तोंडीच राहतात. 'ते आपलं नेहमीसारखं' म्हटलं की भावाला समजतं, तिसऱ्याला नाही. म्हणून नियमांचा कागद आणि खेळाचा डबा शेजाऱ्यांच्या हातात द्या, दोघंही तिथेच बसा आणि अवाक्षर बोलू नका. फार कठीण जातं, सांगायला जीभ वळवळते, पण नाहीच सांगायचं. ते जिथे अडतात तिथे वहीत खूण करा. आमच्याकडे खेळायला आलेल्या एका मुलाने विचारलं, "एकही नाही धरला तर चालतं?" रिकामी मूठ चालते, हे कागदावर कुठेच नव्हतं, आणि या खेळातला तोच सगळ्यात धूर्त डाव आहे!

तुमच्या दोघांत मतभेद होणारच. बहिणीला पावसाची पानं जास्त हवी होती, मला हिशेबावर भर हवा होता. असे वाद बोलून मिटत नाहीत. दोन्ही प्रकार इतरांना खेळायला द्या आणि संपल्यावर 'अजून एकदा मांडा' असं कोणत्या प्रकाराला म्हणतात ते बघा.

चोरीच्या भीतीबद्दल. आपल्याकडे खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. पेटंट कायदा 1970 च्या कलम 3(एम) मध्ये ते स्पष्ट आहे. नियमपुस्तिकेचा मजकूर आणि चित्रं यांच्यावर मात्र तुमचा कॉपीराइट आपोआप असतो, नावाचा ट्रेडमार्क घेता येतो. तेव्हा कल्पना दडवून फारसं काही वाचत नाही, उलट खेळायला माणसं मिळत नाहीत. अमेरिकेतल्या सेलम गावच्या जॉर्ज पार्करने 1883 मध्ये, सोळाव्या वर्षी, 'बँकिंग' नावाचा आपला पत्त्यांचा खेळ स्वतःच्या पैशाने छापला. तो आधी मित्रांमध्ये खेळून रुळलेला होता, आणि 'छाप' म्हणून मागे लागला तो थोरला भाऊ चार्ल्स. 1888 मध्ये चार्ल्सही धंद्यात आला आणि कंपनी 'पार्कर ब्रदर्स' झाली. पुढे 1935 मध्ये 'मोनोपॉली' बाजारात आणली ती याच कंपनीने.

छपाई सगळ्यात शेवटी. पंचवीस-पन्नास प्रतींना ऑफसेट, म्हणजे धातूच्या प्लेटांवरून होणारी छपाई, परवडत नाही, प्लेटांचाच खर्च अंगावर येतो. डिजिटल प्रिंट घ्या. पानांना 300 जीएसएमचं (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड, म्हणजे जाड गुळगुळीत कागद, आणि बोर्डाला कप्पा बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, पुरतो. कटिंगवाल्याला पानांचे कोपरे गोल करायला सांगा, नाहीतर पिसून पिसून ते दुमडतात आणि पावसाचं पान पाठीवरूनच ओळखू यायला लागतं.